पडद्यावरचा निळा, कागदावरचा निळा

घरातला मुलगा किंवा मुलगी मोबाईलवर बोट फिरवीत तासन् तास बसली, की वडीलधाऱ्यांचा जीव वैतागतो. हे वैतागणे बहुतेक वेळा रास्तच असते. परंतु कधी तरी रागावण्यापूर्वी मागे जाऊन उभे राहावे आणि पडद्यावर काय चालले आहे ते पाहावे. त्यांतली काही मुले चित्र काढीत असतात. रंगपेटी नाही, ब्रश नाही, ड्रॉइंगच्या कागदाला पैसे नाहीत. आहे तो घरात सर्वांचा मिळून एक मोबाईल, आणि त्यावर फुकट मिळणारा एखादा चित्रकलेचा कार्यक्रम. एवढ्यावर ती मुले माणसाचा चेहरा उभा करतात, सावली देतात, पार्श्वभूमी रंगवितात. आम्ही अशी चित्रे पाहिली आहेत आणि त्यांतील काही खरोखरच चांगली होती.

पण त्या चित्रांचे पुढे काय होते? मोबाईल हातून पडतो, विकला जातो, त्याची जागा भरते म्हणून कोणी तरी पुसून टाकते, आणि दोन वर्षांची मेहनत नाहीशी होते. वहीत काढलेले चित्र निदान रद्दीत तरी सापडते. म्हणून आमचे म्हणणे असे, की पडद्यावर काढलेले चित्र जोवर कागदावर उतरत नाही, तोवर ते घरातली वस्तू होत नाही. ते भिंतीवर लागत नाही, कोणाला भेट देता येत नाही, त्याचे चार पैसे होत नाहीत. आणि कागदावर उतरविताना तर बहुतेकांची निराशाच होते. चित्र धूसर येते, काळपट येते, निळ्याचे जांभळे होते, आणि जे चांगले येते ते सहा महिन्यांत उडून जाते. ही निराशा टाळता येते. त्यासाठी फार पैसा लागत नाही, माहिती लागते. आज तीच देण्याचा विचार आहे.

घराच्या भिंतीवर कोणाचे चित्र असावे, हे फार काळ घरातल्या माणसाच्या हाती नव्हते. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि देवादिकांची रंगीत चित्रे घरोघर गेली. छापखाना ज्याचा, चित्र त्याच्या पसंतीचे, हा व्यवहारच होता. आपल्या घरातील तसबिरी मात्र वेगळ्या वाटेने आल्या. लहान छापखान्यांत छापलेली बाबासाहेबांची आणि भगवान बुद्धांची चित्रे लोकांनी ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या रस्त्यावरून आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवरील दुकानांतून विकत घेतली, वर्तमानपत्रात गुंडाळून एस.टी.ने किंवा रेल्वेने गावी नेली. त्या चित्रांचे मोल कमी नाही. तरीसुद्धा एक गोष्ट खरी की, तीच पाच-सात छायाचित्रे आणि त्यांच्यावरून केलेली तीच चित्रे पिढ्यान् पिढ्या फिरत राहिली. माता रमाई, सावित्रीबाई, फातिमा शेख, गावातले आपले आजोबा, वस्तीतली विहीर, या विषयांना रंगीत छपाईचा खर्च परवडत नव्हता. हजार प्रती काढल्या तरच छपाई परवडे, आणि हजार प्रती खपतील अशाच चित्राला छापखाना हात लावी.

एक प्रत काढली तरी चालेल, ही सोय संगणकाने दिली. तिची सुरुवात श्रीमंतांच्या घरी झाली, हेही सांगितले पाहिजे. ग्रॅहम नॅश नावाचे प्रसिद्ध गायक आहेत, त्यांना छायाचित्रणाचा नाद. त्यांनी आयरिस नावाचे शाई फवारणारे मोठे यंत्र १ लाख २६ हजार डॉलरना घेतले आणि १९९१ साली कॅलिफोर्नियात चित्रे छापण्याचा उद्योग सुरू केला. ते यंत्र मुळात छापखान्याच्या नमुनाप्रतींसाठी बनविलेले होते, जाड कागद त्यात जात नव्हता. या मंडळींनी करवतीने त्याचा काही भाग कापून काढला आणि जाड कागद घातला. यंत्राची हमी अर्थातच त्याच क्षणी संपली. आज ते यंत्र अमेरिकेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात ठेवलेले आहे. पण सुरुवातीच्या त्या शाया प्रकाशात फार टिकत नव्हत्या, काही वर्षांतच रंग उडू लागत. एवढे महाग यंत्र, आणि चित्र टिकेना! ही अडचण पुढे आपल्याही घरी येणार आहे, तेव्हा ती ध्यानात असू द्यावी.

घरगुती यंत्रे मात्र भराभर स्वस्त झाली. १९९४ मध्ये एप्सन कंपनीचे रंगीत यंत्र इंचाला ७२० ठिपके उमटवू लागले. त्यानंतर बरीच वर्षे यंत्र स्वस्त आणि शाईची डबी महाग, असा प्रकार होता. डबीत पुष्कळदा दहा मिलिलिटरही शाई नसे. २०१० साली त्याच कंपनीने इंडोनेशियात बाटलीतून शाई भरायची टाकीची यंत्रे आणली, मागोमाग ती आपल्याकडे आली, आणि इतर कंपन्यांनाही तशी यंत्रे काढावी लागली. आता बाटलीत ६५-७० मिलिलिटर शाई मिळते. दुकानदार पानांचा हिशेब सांगतो तो ऐकू नये, कारण तो बहुतेक अक्षरांच्या पानांचा असतो. पानभर चित्राला त्याच्या कितीतरी पट शाई लागते. बाटलीची किंमत भागिले मिलिलिटर, हा हिशेब आपण स्वतः करावा. तो कोणालाही फसवीत नाही.

आता मुद्द्यावर येऊ. सगळ्यांत आधी चित्राचे माप. पडद्यावरचे चित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते आणि कागदावर ते नीट दिसायचे तर इंचाला साधारण ३०० ठिपके हवेत. ए-४ कागदासाठी हे माप २४८० गुणिले ३५०८ होते, ए-३ साठी ३५०८ गुणिले ४९६१. हे आकडे चित्र काढायला बसण्यापूर्वी कोऱ्या पानाला द्यायचे असतात. नंतर वाढविता येत नाही. वाढविले तर ठिपका मोठा होतो, चित्र नाही. बहुतेक मुले कार्यक्रम जसा उघडतो तशाच पानावर काढतात. मोबाईलच्या पडद्याची रुंदी १०८० ठिपके धरली आणि तेच चित्र ए-४ वर पसरले, तर इंचाला जेमतेम १३० ठिपके पडतात. डोळ्यांच्या पापण्या, केसांच्या रेषा सगळे मऊ पडते. भिंतीवर दुरून पाहायच्या मोठ्या चित्राला इंचाला १५० ते २०० ठिपके चालतात, चौकातल्या फ्लेक्सला याहूनही कमी पुरतात. हातात घेऊन पाहायच्या कागदाला मात्र ३०० च.

मोठ्या पानाची एक अडचण आहे. ए-४ च्या त्या मापात सुमारे ८७ लाख ठिपके असतात आणि चित्राचा एकेक थर मोबाईलच्या स्मरणातली साधारण ३५ मेगाबाईट जागा खातो. म्हणून स्वस्त मोबाईल चार-सहा थरांनंतर अडखळतो. त्यावर उपाय म्हणजे थर कमी वापरावेत, रेषा आणि रंग एवढे दोन वेगळे ठेवून बाकीचे एकत्र करावेत. पूर्वी चित्रकार एकाच कागदावर काढीत होते, हे विसरू नये! घरी किंवा शाळेत जुना संगणक असेल, तर क्रिटा, गिम्प आणि इंकस्केप हे तीन कार्यक्रम विनामूल्य व कायदेशीर मिळतात. त्यांतील इंकस्केपमध्ये आकृती ठिपक्यांऐवजी रेषांच्या गणिताने साठते, त्यामुळे ती पोस्टाच्या तिकिटाएवढी छापा की बॅनरएवढी, कड सारखीच राहते. बोधचिन्ह, पताका, अक्षरे यांसाठी तोच बरा. चोरीचे कार्यक्रम घालून संगणकात रोग शिरवून घेण्याचे आता कारण उरलेले नाही.

चित्र पूर्ण झाले की मुले ते व्हॉट्सअ‍ॅपवरून छपाईवाल्याकडे धाडतात, आणि येथेच अर्धे नुकसान होते. नेहमीच्या पद्धतीने पाठविलेले चित्र तेथे आक्रसून लहान केले जाते. तेच चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडले तर मूळ जसेच्या तसे जाते. पडद्याचा फोटो काढून, म्हणजे स्क्रीनशॉट, कधीही देऊ नये. पेनड्राईव्ह सर्वांत उत्तम.

आणि आता निळा. ज्याच्या घरी निळी पताका लागते, त्याला या रंगाबद्दल सांगायला नको. पडद्यावर तो असा झळकतो की डोळे निवतात. छापून आला की वांगी जांभळा! तरुण मुलांना वाटते यंत्र बिघडले, छपाईवाला म्हणतो तुमची फाईल अशीच आहे. दोघांचेही म्हणणे अर्धवट आहे. पडद्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन दिवे असतात. निळा दिवा स्वतःच पेटलेला असतो. छापण्याच्या यंत्रात निळी शाई नसतेच. तेथे आकाशी, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शाया. निळा रंग आकाशीत किरमिजी मिसळून करावा लागतो, आणि किरमिजी शाई जोरकस असते; तिचा हात थोडा वर झाला की निळ्याचे जांभळे झाले. शिवाय पेटलेल्या दिव्याइतका झळाळ चार शायांच्या आवाक्यातच नाही. तो रंग कागदावर नसतोच, मग यंत्र जवळचा दुसरा निवडते.

मग करावे काय? पडद्यावरचा सर्वांत भडक निळा, ज्यात लाल शून्य, हिरवा शून्य आणि निळा २५५ असतो, तो घेऊच नये. त्यात थोडा हिरवा वाढवावा आणि निळा उतरवावा. लाल शून्य, हिरवा ६० ते ८०, निळा १५० ते १७० अशा आसपासचा रंग पडद्यावर किंचित मळका वाटतो, पण कागदावर पुष्कळ खरा उतरतो. छापखान्याच्या चार शायांच्या भाषेत बोलायचे तर आकाशी १०० आणि किरमिजी ७० च्या आत ठेवावा; दोन्ही शंभर ठेवले की जांभळा ठरलेलाच. तरी आमचे आकडे डोळे झाकून घेऊ नयेत. कारण प्रत्येक यंत्राची शाई आणि प्रत्येक कागद वेगळा. एका कागदावर निळ्याचे दहा-बारा चौकोन काढावेत, प्रत्येकाखाली त्याचे आकडे लिहावेत, ज्या यंत्रावर आणि ज्या कागदावर चित्र छापायचे त्यावरच तो कागद छापून घ्यावा आणि टेबलाजवळ भिंतीला चिकटवावा. पुढे निळा निवडताना पडद्याकडे पाहायचे नाही, त्या भिंतीकडे पाहायचे. एका कागदाच्या खर्चात वर्षभराचे काम होते.

आम्हांस तर वाटते, यंत्राची परीक्षा घ्यायची तर पंचशील ध्वजासारखा नमुना नाही. १८८५ साली श्रीलंकेत तयार झालेल्या या ध्वजात निळा, पिवळा, लाल, पांढरा आणि केशरी असे पाच पट्टे शेजारी शेजारी येतात. पिवळा सहज छापतो, कारण ती शाई यंत्रात मुळातच आहे. लाल हा किरमिजी आणि पिवळ्याचा, तोही बहुधा साधतो. केशरी पडद्यावर जितका तेजाळ दिसतो तितका कागदावर येत नाही, थोडा विटकरीकडे झुकतो. त्यात पिवळा वाढवून पाहावा. निळ्याचे वर सांगितलेच. राहिला पांढरा. घरगुती यंत्रात पांढरी शाई नसते. पांढरा पट्टा म्हणजे नुसता मोकळा सोडलेला कागद. कागद पिवळसर असेल तर पांढराही पिवळसर, आणि त्याच्या शेजारचे चारही रंग त्या मानाने फिरलेले. कागदाची निवड ही रंगाची निवड कशी असते, ते या एका पट्ट्यावरून कळते.

आणखी दोन लहान गोष्टी. मोबाईलवर रात्री डोळ्यांना आराम म्हणून पडदा पिवळट करण्याची सोय असते. ती चालू ठेवून रंगकाम केले, की मुले नकळत निळा जास्त ओततात आणि सकाळी सगळा चेहरा थंड पडलेला दिसतो. रंगवायला बसताना ती सोय बंद ठेवावी. तसेच पडद्याचा उजेड पूर्ण वाढवू नये. पडदा स्वतः प्रकाश देतो, कागद खिडकीतून आलेला उजेड परत फेकतो. भगभगीत पडद्यावर ठीक वाटलेले चित्र कागदावर काळवंडते. उजेड निम्म्यावर आणून चित्र पाहावे, सावळ्या चेहऱ्याच्या छाया थोड्या उघडाव्यात. आपल्या लोकांचे चेहरे काढताना हे विशेष जपावे. चेहरा गोरा करून छापणे हा काळवंडण्यावरचा उपाय नव्हे. छाया उजळवा, कातडी उजळवू नका.

टिकण्याचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. चौकातल्या जुन्या फलकांकडे पाहा. ऊन खाऊन खाऊन त्यांतला माणूस निळा-करडा झालेला असतो. पिवळा आणि किरमिजी आधी उडालेले, आकाशी आणि काळा तेवढे मागे उरलेले. घरात हीच गोष्ट सावकाश घडते. घरगुती यंत्रांच्या शाया दोन जातींच्या. एक पाण्यात पूर्ण विरघळलेल्या रंगाची, तिला डाय म्हणतात. ती टवटवीत दिसते, पण प्रकाश आणि हवेतील ओझोन वायू यांपुढे दुबळी. दुसरी बारीक रंगकणांची, तिला पिगमेंट म्हणतात. ती किंचित शांत दिसते, पण पुष्कळ अधिक टिकते आणि पाण्याच्या थेंबाने सहसा फुटत नाही. काही यंत्रांत काळी शाई पिगमेंटची आणि तीन रंग डायचे, अशी खिचडी असते. विकत घेताना दुकानदाराला नुसते ‘चांगली शाई आहे ना’ असे न विचारता ‘डाय की पिगमेंट’ असे विचारावे. त्याला सांगता आले नाही तर खोक्यावर वाचावे. आणि रस्त्यावर मिळणारी बिननावाची सुटी शाई शाळेच्या प्रकल्पाला ठीक. कोणाला पैसे घेऊन द्यायच्या चित्राला ती लावू नये.

ज्यांना शब्दांवर भरवसा नाही त्यांनी स्वतः परीक्षा घ्यावी. रंगांच्या पट्ट्या छापलेला एक कागद घेऊन त्याचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाकावा आणि ऊन येणाऱ्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवावा. महिन्याने पुठ्ठा काढावा. दोन अर्ध्यांतला फरक जे सांगेल, ते कोणतीही जाहिरात सांगणार नाही.

कागदाविषयी थोडे. झेरॉक्सचा ७०-८० ग्रॅमचा कागद शाई पितो, कडा पसरतात, कागद लाटेसारखा होतो. चित्रासाठी ‘इंकजेट मॅट’ म्हणून मिळणारा १२० ग्रॅमच्या पुढचा लेप दिलेला कागद घ्यावा. चकचकीत फोटोचा कागद रंग खुलवितो, पण बोटांचे ठसे धरतो, आणि स्वस्तातल्या चकचकीत कागदावर पिगमेंट शाई नीट बसत नाही, पुसली जाते. लेप बहुधा एकाच बाजूला असतो. ओठाने ओले केलेले बोट कोपऱ्याला लावून पाहावे. जी बाजू किंचित चिकटते ती छापण्याची. यंत्राला आज्ञा देताना कागदाचा प्रकार निवडण्याची जागा असते, ती अनेकजण पाहतही नाहीत. तेथे साधा कागद असे राहिले तर शाईचे प्रमाण चुकते आणि महागाचा कागदही फिक्का दिसतो. पावसाळ्यात कागद दमट होतो, कोपरे वळतात, शाई वाळायला वेळ लागतो. उरलेला गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवावा. छापलेले चित्र एक दिवस मोकळे वाळू द्यावे आणि मगच काचेत बसवावे. काच थेट शाईला टेकता कामा नये, मध्ये पुठ्ठ्याची चौकट असावी. चित्र उन्हाच्या भिंतीवर नको, चुलीच्या किंवा गॅसच्या वाफेजवळ नको. तसबिरीपुढे मेणबत्ती-अगरबत्ती लावण्याची रीत असेल तर ती हातभर पुढे ठेवावी, काजळी खालून वर चढते आणि फ्रेमच्या फटीतून आत जाते.

यंत्राची निगा सांगायची तर एवढेच, की शाईचे यंत्र बंद पडून राहिले की बिघडते. त्याच्या तोंडाची छिद्रे केसाहून बारीक असतात. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ती महिन्याभरात वाळून बसतात. आठवड्यातून एक लहानसे रंगीत पान काढावे. यंत्र नेहमी त्याच्याच बटणाने बंद करावे आणि नंतर भिंतीवरचे. बटणाने बंद केले की छपाईचे तोंड आपल्या जागी जाऊन झाकण लावून घेते. चालू असताना मधेच वीज गेली तर ते उघडेच राहते. ज्या गावांत भारनियमन किंवा वारंवार वीज जाणे आहे, तेथे वीज आल्यावर यंत्र एकदा चालू करून बटणाने पुन्हा बंद करावे. सफाईची आज्ञा वारंवार देऊ नये, तीत शाई फुकट जाते.

हे सर्व वाचून कोणी लगेच यंत्र घ्यायला निघाले असेल तर त्यांनी जरा थांबावे. टाकीचे बरे यंत्र दहा-पंधरा हजारांच्या घरात जाते. ज्या घरात मुलीच्या क्लासची फी हप्त्याने भरली जाते, तेथे ही रक्कम लहान नव्हे. आमचा सल्ला असा, की पहिली वीस-पंचवीस चित्रे बाहेर छापून घ्यावीत. तालुक्याच्या ठिकाणी फोटो लॅब असते, डीटीपीवाला असतो, रंगीत लेझरचे दुकान असते. लेझरचा रंग पावडरचा असतो आणि उष्णतेने कागदावर बसतो. तो पाण्याने ओघळत नाही, कार्डे आणि पत्रिकांना उत्तम. महिन्याला पाच-दहा चित्रे निघू लागली आणि त्यांतील काही लोक मागून नेऊ लागले, की मग यंत्राचा विचार करावा. आणि त्याहून चांगले म्हणजे चार घरांनी मिळून किंवा विहारातल्या तरुण-तरुणींच्या मंडळाने एक घ्यावे. एकाच घरात पडून राहून वाळण्यापेक्षा चौघांच्या हाती ते रोज चालते, आणि शाईच्या यंत्राला रोज चालणेच मानवते. वहीत कोणी किती पाने काढली ते लिहावे, नाही तर शाईच्या बाटलीवरून भांडणे होतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे!

चित्रावर मराठी अक्षरे असतील तर तीही चित्राइतक्याच काळजीने निवडावीत. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेली मुक्ता आणि बलू ही वळणे विनामूल्य मिळतात, छापायलाही मुभा आहे. फाईल बाहेर द्यायची तर अक्षरांचे आधी रेषांत रूपांतर करावे, ज्याला दुकानात ‘कर्व्ह करणे’ म्हणतात; नाही तर त्यांच्या संगणकावर वळण नसते आणि जोडाक्षरे तुटून पडतात. ‘बुद्ध’ मधला द्ध तुटलेले बॅनर आम्ही इतके पाहिले आहेत की आता छपाईपूर्वी तेवढा एक शब्द तपासा, असे सांगावेसे वाटते. शुद्धलेखन दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्यावे. स्वतःच्या चुका स्वतःला दिसत नाहीत.

आता नवीन पिढीने पुढे आणलेला प्रश्न. यंत्राला चार वाक्ये सांगितली की ते क्षणात चित्र करून देते. मग हाताने काढावे कशाला? ज्याला शुभेच्छापत्राची पार्श्वभूमी हवी, त्याने तसे करावे, आमचे काही म्हणणे नाही. पण महामानवांच्या बाबतीत आम्ही कडक आहोत. बाबासाहेबांना जेथे ते कधी गेले नाहीत तेथे उभे करणारी, ज्यांना ते भेटले नाहीत त्यांच्याशी हस्तांदोलन करविणारी, खऱ्या छायाचित्रासारखी दिसणारी चित्रे आज फिरतात. दहा वर्षांनी एखादे लेकरू ते छायाचित्र म्हणून शाळेच्या निबंधात लावील. हाताने काढलेले चित्र आपण चित्र आहोत हे लपवीत नाही. सिद्धेश गौतम, राही पुण्यश्लोक यांच्यासारख्या तरुणांनी संगणकावर केलेली बाबासाहेबांची चित्रे पाहावीत. एकाच माणसाकडे किती निरनिराळ्या नजरांनी पाहता येते, हे त्यांवरून कळते, आणि त्यांतले एकही कोणाला फसवीत नाही.

आपण काढलेल्या चित्रावर आपला हक्क आपोआप असतो. १९५७ च्या कायद्याप्रमाणे तो चित्रकाराच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षे चालतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. हाच कायदा दुसऱ्याच्या चित्रालाही लागू आहे. कोणाचे तरी उतरवून, रंग बदलून, खाली आपले नाव घालणे ही चोरीच. चित्र विकायचे तर हिशेब कागद आणि शाई एवढाच धरू नये. बिघडलेले कागद, प्लास्टिकचे पाकीट, पुठ्ठा, जाण्यायेण्याचे भाडे आणि काढायला लागलेले दिवस, सगळे मांडावे. ६ डिसेंबरला दादरला किंवा १४ एप्रिलला आपल्या गावी पाच चित्रे घेऊन बसणाऱ्या मुलीने लाजून कागदाच्या किमतीत चित्र देऊ नये. घासाघीस करणाऱ्या काका-मामांनीही दोन-चारशे रुपयांच्या चित्रापुढे थोडे थांबावे. तेच लोक शेजारच्या गाड्यावर न मोजता खर्च करतात, हे आम्ही पाहिलेले आहे.

मूळ फाईल थरांसकट दोन ठिकाणी ठेवावी, एक मोबाईलबाहेर. कोणाच्या हाती देण्यापूर्वी छापलेल्या चित्राच्या मागे कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने, दाब न देता, लिहावे: काढणाऱ्याचे नाव, काढल्याची आणि छापल्याची तारीख, कोणता कागद, कोणती शाई, आणि ही कितवी प्रत. पेनने नको, शाई दुसऱ्या बाजूला उतरते.